नक्की कुणाचं डावं?

यंत्रांची दुरुस्ती-मॅन्युअल लिहिणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. मागे एका पंपाच्या मॅन्युअलमध्ये लिहिलं, ‘डावीकडचा स्क्रू सैल करा.’ मजकूर बरोबर, शेजारचं चित्रही बरोबर. फक्त चित्र काढलं होतं पंपाच्या मागच्या बाजूनं. फिटरचा फोन आला, “साहेब, नक्की कुणाचं डावं?” काय सांगणार, कपाळ!

अशा वेळी मला ‘कॉमेट’चा हेवा वाटतो. 1990 च्या आसपास कोलंबिया विद्यापीठात स्टीव्हन फायनर आणि कॅथलीन मकिओन यांच्या गटानं ही संगणक प्रणाली केली. लष्करी रेडिओ बिघडला की काय करायचं, ते ती मजकूर आणि त्रिमिती चित्रं मिळून सांगायची. दोन्ही त्या क्षणी तयार व्हायचं.

तिची गंमत क्रमात आहे. आधी ठरायचं, काय सांगायचं. मग वाटणी: वस्तू कुठे आहे, दिसते कशी, हे चित्राकडे, ‘असं झालं म्हणून तसं करा’ हा कार्यकारणाचा धागा शब्दांकडे, कारण ‘म्हणून’चं चित्र काढून दाखवा बघू! बटण फिरवण्यासारखी साधी कृती मात्र दोघांकडे. शब्द जुळवणारा भाग आणि चित्र काढणारा भाग एकाच टिपणावरून काम करायचे, त्यामुळे एकाला दुसऱ्याचा पत्ता असायचा. बॅटरी काढायला सांगताना मजकूरच म्हणायचा, ती छेद घेतलेल्या चित्रात दाखवली आहे. एका चित्रात न मावणाऱ्या पायऱ्या दोन चित्रांत गेल्या, तर वाक्यही तिथेच तोडलं जायचं. आमच्याकडे वाक्य मी तोडतो, चित्र चित्रकार तोडतो, आणि दोघांची गाठ पडते ती छपाईनंतर.

वापरणाऱ्याला ‘पोलॅरिटी’ हा शब्द कळत नसेल, तर बॅटरीवरची अधिकची खूण खाचेतल्या अधिकच्या खुणेसमोर आणा, असं ती सांगे. हे मला फार आवडतं. आमच्याकडे त्यासाठी शेवटी शब्दसूची असते, जी कुणी उघडत नाही.

अर्थात या रेडिओची सगळी माहिती माणसांनीच आधी बसून भरली होती. ते काम कुणी माझ्यावर ढकललं असतं, तर हेवा तिथेच विरला असता.

पंपाच्या पानावर आता ‘डावीकडचा’ नाही. ‘नळीजवळचा, चित्रात काळा केलेला स्क्रू’ आहे. तेवढा एक स्क्रू काळा करून घ्यायला मला तीन मेल आणि एक मीटिंग लागली.