सोलरचे पैसे किती वर्षांत वसूल होतात?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. गच्चीवरचे पॅनल दिसले की पाहुण्यांपासून दूधवाल्यापर्यंत सगळे हेच विचारतात. विक्रेता "तीन-चार वर्षं" म्हणून मोकळा होतो. मी आधी वीजबिल बघायला मागतो.

त्यात रुपये नंतर, आधी युनिट बघायचे. तेही बाराही महिन्यांचे, कारण मे आणि डिसेंबरचा वापर सारखा नसतो. महावितरणचा घरगुती दर पायरीपायरीने चढतो: शंभर युनिटपर्यंत एक, तीनशेपर्यंत दुसरा, पाचशेपर्यंत तिसरा. सोलरमुळे आधी सगळ्यात वरचे, महागडे युनिट कमी होतात. म्हणून साडेतीनशे युनिट जाळणाऱ्या घराचे पैसे भराभर सुटतात. शंभरच्या आत वापर असलेल्यांनी घाई करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. स्थिर आकार, म्हणजे वापर कितीही असो बिलात दरमहा लागणारी रक्कम, पॅनल बसवल्यावरही भरावाच लागतो, तो बचतीत धरू नका.

आता आकडे. आपल्याकडे 1 किलोवॉटला वर्षाच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट मिळतात, म्हणजे 3 किलोवॉटला महिन्याला साधारण 360. समजा खर्च 2 लाख आला. 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॉटला 78,000 रुपये अनुदान आहे. उरले 1,22,000. अनुदान काम पूर्ण झाल्यावर खात्यात येतं, तोवरची सोय आपली आपणच करायची. बिल महिन्याला साडेतीन हजारांनी घटलं तर तीन वर्षांच्या आत वसुली. बाराशेनेच घटलं तर साडेआठ वर्षं. पॅनल तेच, गच्ची तीच!

"मग मोठंच बसवू, जास्तीची वीज विकू," असंही लोक म्हणतात. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे घेतलेल्या विजेतून आपण ग्रिडला दिलेली वीज वजा करण्याच्या पद्धतीत, उरलेले युनिट पुढच्या महिन्यांत वापरता येतात, पण 31 मार्चला शिल्लक राहिलेल्यांना फारच कमी भाव मिळतो. वापराएवढंच बसवा.

सावलीकडे मात्र बारकाईने बघा. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, तेव्हा पाण्याच्या टाकीची सावली लांबवर पसरते. एका पॅनलचा कोपरा झाकला तरी त्याच्याबरोबर जोडलेल्या इतरांची वीजही घटू शकते. आमच्या सांगली भागात आणखी एक गोष्ट आहे. साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की गच्चीवर काळी राख पडायला लागते, आणि नेमके तेच महिने निरभ्र उन्हाचे. बोटाने रेघ ओढता येईल इतका थर बसतो. सकाळी पॅनल गार असताना साध्या पाण्याने, मऊ कापडाने पुसायचे. बोअरचं जड पाणी नको, पांढरे डाग पडतात. पुसलेल्या दिवशी मोबाइलवर दिसणारे युनिट चढलेले असतात. हा खर्च आणि हे कष्ट कोटेशनमध्ये कुणी लिहीत नाही.

कोटेशनमध्ये दरवर्षी वीजदर वाढणार असं धरलेलं असतं. मी ती वाढ शून्य धरून हिशेब करतो. पॅनलची हमी 25 वर्षांची असली तरी इन्व्हर्टरची (पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र) तेवढी नसते, म्हणून मधे एकदा नवा इन्व्हर्टर धरतो. कर्ज काढलं तर व्याजही. आणि घरातली जुनी बॅटरी मोडीत काढू नका: बॅटरीशिवायचं सोलर लाइट गेली की भर दुपारीसुद्धा बंद पडतं.