टॅपवरची बिअर, मालवणी ताट : आमची वाटचाल

चिंचवड स्टेशनवरून चालत यावं इतक्या जवळ, जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला लागून आमचं हॉटेल आहे. इथे दहा टॅपवर, म्हणजे थेट ग्लास भरणाऱ्या नळांवर, क्राफ्ट बिअर (छोट्या ब्रुअरींनी थोड्या प्रमाणात बनवलेली बिअर) मिळते, कॅन आणि बाटल्यांचा एक उभा फ्रीज कायम भरलेला असतो, आणि सोबत आईच्या मसाल्यातलं मालवणी जेवण. क्राफ्ट बिअर म्हटलं की लोकांना कोरेगाव पार्क नाहीतर बाणेर आठवतं. ती चिंचवडात, मासळीच्या हॉटेलात कशी आली, असं बरीच गिऱ्हाइकं विचारतात. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

बाबा देवगडकडचे. एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये काम करता करता त्यांनी ऐंशीच्या दशकात ही जागा घेतली आणि परमिट रूम काढली. पहिली पाळी सुटली की टेल्को (आताची टाटा मोटर्स) आणि बजाजची माणसं येत. क्वार्टर, स्ट्राँग बिअरच्या बाटल्या, बोंबील फ्राय, सुरमईची कढी. खिडक्यांना काळी फिल्म, आत ट्यूबलाइट, मागे पडदा लावलेली फॅमिली रूम. पिण्याच्या बाबतीत आमच्यात आणि आसपासच्या चार परमिट रूममध्ये काही फरक नव्हता. फरक होता तो मासळीत. बाबा पहाटे स्वतः बाजारात जात. कल्ला उचलून रंग बघायचा, अंगाला बोट लावून मांस वर येतं का ते बघायचं, डोळा खोल गेलेला असेल तर पुढे चालायचं. आदल्या दिवशीची मासळी मसाल्यात लपवून ताटात घालायची नाही, हा त्यांचा कायदा. उरलं तर रात्री आम्ही आणि कामाची मुलं जेवायचो, पण दुसऱ्या दिवशी ते गिऱ्हाइकाला गेलं नाही. आमच्या बिअरचीही सगळी गोष्ट याच कायद्यातून निघाली.

२००९ मध्ये पुण्यात डूलॅली सुरू झाली. देशातल्या सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी, म्हणजे बिअर बनवणाऱ्या छोट्या कारखान्यांपैकी, ती एक. मी तेव्हा एका कारखान्यात खरेदी विभागात नोकरीला होते. पुढे ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर पहिल्यांदा गव्हाची बिअर, म्हणजे हेफेवायझेन, प्यायले. लवंगेचा आणि पिकलेल्या केळ्याचा वास येत होता, आणि तिच्यात ना लवंग होती ना केळं. तो वास यीस्ट तयार करतं, हे तिथेच कळलं. नंतर एका छोट्या ब्रुअरीत मी बाबांना घेऊन गेले. त्यांनी ग्लास नाकाशी धरला, एक घोट घेतला आणि बनवणाऱ्या मुलाला विचारलं, "ही कधीची?" त्याने टाकीवरच्या पाटीवर बोट ठेवून तारीख सांगितली. बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "हॉटेलात इतकी वर्षं बिअर विकतोय, पण हे कुणी सांगितलं नव्हतं मला." घरी येताना गाडीत ते त्याच विषयावर बोलत होते.

तरी प्रत्यक्षात काही व्हायला वेळ लागला. मी नोकरी सोडून गल्ल्यावर बसले, धाकट्या भावाने स्वयंपाकघर हातात घेतलं, आणि मग आलं २०१७. महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको, या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाची अंमलबजावणी १ एप्रिलपासून झाली आणि आमचा बार बंद पडला. महापालिका हद्दीतल्या परवानाधारकांना ही बंदी नाही असं न्यायालयाने जुलैत स्पष्ट केलं. कागद पुढे सरकून आमचा परवाना पुन्हा चालू व्हायला त्यानंतरही काही काळ गेला. तेवढे महिने हॉटेल फक्त जेवणावर चाललं. पगार देताना ओढाताण झाली, पण एकाही मुलाला आम्ही घरी पाठवलं नाही. आणि याच महिन्यांत एक गोष्ट डोळ्यांसमोर घडत गेली : संध्याकाळी आयाबाया, मुलं, आजीआजोबा यायला लागले. वर्षानुवर्षं समोरून जाणाऱ्या बायका पहिल्यांदा आत आल्या आणि म्हणाल्या, "ताई, इथे इतकं चांगलं जेवण मिळतं होय!"

परवाना परत मिळाला तेव्हा ठरवलं की जुना अंधार परत आणायचा नाही. काळ्या फिल्म खरवडून काढल्या, पडदा आणि पार्टिशन काढलं, मागच्या गोडाऊनची कोल्ड रूम केली आणि चार टॅप बसवले. पुढे चाराचे दहा झाले.

दहाच का, हे सांगायला मला फार आवडतं. सामान विकणाऱ्याने आग्रह केला होता की वीस टॅप लावा, बोर्ड भरलेला दिसतो. पण हिशेब मांडून बघा. ३० लिटरचा एक केग, म्हणजे बिअरचं पिंप. ३३० मिलिलिटरचे ग्लास धरले तर फेसात जाणारी बिअर वजा करून साधारण ऐंशीवर निघतात. एवढी बिअर आमच्याकडे दोन आठवड्यांत संपली पाहिजे. क्राफ्ट बिअर बहुतेक वेळा पाश्चराइज केलेली नसते, तिला थंडी लागते आणि वेळ तिच्या मुळावर येतो. आयपीए, म्हणजे हॉप्स जास्त असलेली कडवट बिअर, तर सगळ्यांत आधी उतरते, कारण हॉप्सचा (बिअरला वास आणि कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) वास उडून जातो आणि मागे नुसता कडवटपणा राहतो. वीस टॅप लावले असते तर त्यातले निम्मे शिळे झाले असते. म्हणून दहा, आणि त्या दहांत सगळ्या तऱ्हा : एक पिल्सनर (हलकी, सोनेरी), एक हेफेवायझेन, एक बेल्जियन विट (हीही गव्हाची), दोन आयपीए, एक स्टाउट (काळी), एक सायडर (सफरचंदाची), आणि तीन टॅप सतत बदलते. माल पुण्या-मुंबईकडच्या छोट्या ब्रुअरींचा, ग्रेट स्टेटसारख्या. फ्रीजमध्ये मूनशाइनची मधापासून केलेली मीड असते, तीही पुण्यातलीच. बोर्डावर प्रत्येक बिअरच्या नावापुढे दोन तारखा लिहितो : बनवल्याची आणि आमच्याकडे केग उघडल्याची. बाबांच्या त्या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक गिऱ्हाइकाला न विचारता मिळावं, हा हेतू.

केग कोल्ड रूममध्ये तीन-चार अंशांवर राहतात. टॅपपर्यंत येणाऱ्या नळ्या दर दोन आठवड्यांनी कॉस्टिकने धुवायच्या आणि मग भरपूर पाण्याने. हे काम मी आजही कुणावर सोडून देत नाही, समोर उभी राहते. बिअर कितीही चांगली असली तरी नळी अस्वच्छ असेल तर ग्लासात आंबूस वास येतो आणि नाव बनवणाऱ्याचं खराब होतं.

आमच्यासारख्या ठिकाणी सगळ्यांत अवघड गोष्ट म्हणजे ग्लास. तळलेल्या मासळीच्या ताटांबरोबर एकाच सिंकमध्ये ग्लास धुतला की काचेवर तेलाचा डोळ्यांना न दिसणारा थर बसतो आणि फेस क्षणात बसतो. म्हणून बिअरच्या ग्लासांना वेगळं सिंक, वेगळा ब्रश. फडक्याने पुसायचे नाहीत, जाळीवर उपडे घालून वाळवायचे. भरलेल्या ग्लासाच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटलेले दिसले तर ग्लास स्वच्छ नाही असं समजायचं, आणि आमचा वेटर तो न सांगता बदलून देतो. तुम्हाला दिसला तर तुम्हीही हाक मारा.

फेसावरून सुरुवातीला बरीच बोलणी ऐकली. "ताई, अर्धा ग्लास फेसच भरलाय, पैसे कशाचे घेता?" गिऱ्हाइकाची शंका रास्त होती. आम्ही मोठे, रेघ असलेले ग्लास आणले. बिअर रेघेपर्यंत पूर्ण, फेस तिच्या वर दोन बोटं. वास त्या फेसातूनच नाकात जातो. आता पहिल्या पाळीचे जुने काकासुद्धा फेस कमी दिसला की विचारतात.

आता जेवणाबद्दल, कारण माझा खरा जीव तिथे आहे. विटमध्ये धणे आणि संत्र्याची साल असते. मालवणी मसाल्यातही धणे आहेतच, त्यामुळे तिसऱ्यांच्या सुक्याबरोबर विट अशी बसते की कुणीतरी मुद्दाम जुळवून दिलं असावं. बोंबील फ्रायला पिल्सनर, कारण ती तेलकटपणा धुऊन नेते. मटण सुक्याचं वाटण आई खोबरं आणि कांदा काळपट होईपर्यंत भाजून करते. स्टाउटमध्ये सातू तसंच खरपूस भाजलेलं असतं. दोन्ही भाजणी तोंडात एकत्र येतात तेव्हा गिऱ्हाईक क्षणभर बोलायचं थांबतं, हे मी गल्ल्यावरून कितीदा पाहिलं आहे. आयर्लंडमध्ये स्टाउट आणि कालवं ही जुनी जोडी आहे. आमच्याकडेही कालवं आली की बोर्डावर लिहितो. एकच गोष्ट मी हात जोडून सांगते : बांगड्याच्या तिखल्याबरोबर आयपीए घेऊ नका. कडवटपणा तिखट आणखी पेटवतो, आणि मग ना मासळीची चव कळते ना बिअरची.

मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं तेव्हा कोल्ड रूममध्ये भरलेले केग होते. ते टिकणारे नव्हते, ओतून द्यावे लागले. त्या काळात आई आणि भावाने डबे सुरू केले आणि त्यावर घर चाललं. ५ ऑक्टोबरला निम्म्या खुर्च्यांनिशी दार उघडलं तेव्हा पहिला फोन एका छोट्या ब्रुअरीच्या मालकाचा आला, पैशांसाठी नव्हे, पहिला केग स्वतः आणून देतो म्हणून. परमिट रूममधल्या दारूवरचा व्हॅट ५ वरून १० टक्क्यांवर गेला, त्याचा ताण मात्र अजून आहे. करवाढीविरुद्धच्या जुलै २०२५ च्या बंदमध्ये आम्हीही दार बंद ठेवलं होतं. दर वाढवले, पण ग्लासावरची रेघ आहे तिथेच आहे.

बाबा आता रोज येत नाहीत. रविवारी येतात, बोर्डावरच्या तारखा वाचतात, मग बसतात.

पहिल्यांदा येणार असाल तर पाच छोट्या ग्लासांचा ट्रे मागा. थोडं थोडं चाखून बघा, मग आवडेल ते सांगा. नावं माहीत नसली तरी चालेल, जेवायला काय घेताय तेवढं सांगा, पुढचं आम्ही बघतो. सौम्य बिअरसाठी वय २१ पूर्ण हवं आणि ओळखपत्र आम्ही मागतोच, कृपया रागावू नका. गाडी चालवणाऱ्यासाठी सोलकढी आणि कोकम सरबत ताजं असतं. जून-जुलैत समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा ताजी मासळी कमी आणि सुकट, सुके बोंबील, कोंबडी-वडे जास्त. आषाढी, कार्तिकी, अनंत चतुर्दशी आणि बाकीच्या ड्राय डेला टॅप बंद, स्वयंपाकघर चालू. नवा केग साधारण गुरुवारी संध्याकाळी उघडतो.