हिवाळ्यातही सॉकर? तुम्ही विचारलंत म्हणून

गणपतीत प्रसादाच्या रांगेत, मराठी शाळेच्या पार्किंगमध्ये, नाहीतर कुणाच्या तरी बारशाला, प्रश्न तोच असतो. "तुमची मुलगी म्हणे हिवाळ्यातही सॉकर खेळते? बाहेर बर्फ असताना? आणि त्यासाठी ट्रायआउट पण द्यावी लागते?" मग आवाज जरा खाली येतो. "आमच्या मुलाला घालावं का हो? पैसे किती घेतात?"

उभ्या उभ्या मी काहीतरी बोलून सुटते. पण मागच्या महिन्यात एकाच संध्याकाळी तिघींनी विचारलं, म्हणून आज नीट बसून लिहितेय.

आम्ही मध्य न्यू जर्सीत राहतो. इथे मुलांचं सॉकर सप्टेंबर ते नोव्हेंबरचा मध्य आणि मग एप्रिल ते जूनची सुरुवात असं दोन तुकड्यांत चालतं. मधल्या चार महिन्यांत मैदानं गोठलेली असतात आणि डिसेंबरात साडेचारला सूर्य बुडतो. या काळात नेहमीच्या टीम थांबतात आणि हिवाळ्यापुरत्या नव्या बांधल्या जातात. काही जण फुगवलेल्या मोठ्या तंबूखाली कृत्रिम हिरवळीवर खेळतात, बरेचसे शाळेच्या जिममध्ये फुटसाल, म्हणजे पाच-पाच जणांचं छपराखालचं सॉकर, खेळतात. नाव घातलं की झालं, असं या टीमचं नसतं. निवड असते, तिलाच ट्रायआउट म्हणतात.

ही निवड मला पहिल्या दिवसापासून खुपत आली आहे, त्याचं कारण माझं माहेर. मी कोल्हापूरची. आमच्याकडे हंगाम नेमका उलटा. पाऊस सरला की काही आठवड्यांत फुटबॉल सुरू, तो पार उन्हाळ्यापर्यंत, आणि पावसाळ्यात मैदानाचा चिखल झाला की सगळे घरी. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार ही टीमची नावं मुळात तालमींची. कुस्तीच्या तालमीच फुटबॉल खेळायला लागल्या. तुम्ही कुणाचे, हे कुठल्या गल्लीत वाढलात त्यावरून ठरतं आणि शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठेतली अर्धी दुकानं ओस पडतात. आमच्या घरातले सगळे पुरुष जायचे. मी एकदाही गेले नाही, कुणी नेलंच नाही. सामना हरला की जिलबी येत नाही, एवढाच माझा फुटबॉलशी संबंध.

त्यामुळे एका नोव्हेंबरच्या रात्री, शाळेच्या जिममध्ये, माझ्या अकरा वर्षांच्या मुलीच्या पाठीवर कागदी ३७ नंबर सेफ्टी पिनांनी लावताना मला कसंतरीच झालं. चाळीसेक मुली, जमिनीवर नारिंगी कोन, भिंतीला टेकून तीन कोच आणि त्यांच्या हातात पॅड. कुणी नाव विचारत नव्हतं. "थर्टी-सेव्हन, गो!" पालकांना आत थांबायची परवानगी नव्हती, तरी दाराच्या काचेपाशी आम्ही नऊजणी नाक लावून उभ्या. ईमेल येईपर्यंत रात्रीचे पावणेदहा वाजले. निवड झाली होती, तीही वरच्या टीममध्ये. मी लगेच बाबांना फोन लावला. तिकडे सकाळ होती.

"बाहेर बर्फ पडलाय नव्हं? मग खेळत्यात कुठं?"

"जिममध्ये, बाबा. सॉकरचाच प्रकार आहे, पाच-पाच जणींचा."

"सॉकर काय म्हणतीस, फुटबॉल म्हण की." मग थोडं थांबून, "किती पोरी घेतल्यात?"

हा प्रश्न मी त्या वेळी कानाआड केला. करायला नको होता.

चौदा मुली घेतल्या होत्या. फुटसालमध्ये मैदानावर पाचच, त्यातली एक गोलकीपर. आमचे सामने चाळीस मिनिटांचे. म्हणजे मैदानातल्या चार जागांची मिळून १६० मिनिटं आणि वाटेकरी तेरा. अगदी तराजूनं वाटली तरी एकीच्या वाट्याला बारा मिनिटं. हा हिशेब मी पैसे भरायच्या आधी करायला हवा होता, केला जानेवारीत. आणि तिथं तराजू वगैरे नव्हताच. तिसऱ्या शनिवारी मी मोबाइलवर स्टॉपवॉच लावून बसले. सांगायला लाज वाटते, पण बसले. सहा मिनिटं दहा सेकंद. उरलेला वेळ ती बाकावर, हुडीच्या बाह्यांत हात ओढून, चेहऱ्यावर ते "मला काही वाटत नाहीये" असं खास हसू.

पुढच्या शनिवारी सकाळी सात वाजता तिच्यासमोर पोहे तसेच. "आई, पोटात दुखतंय." त्याच्या पुढच्या शनिवारीही दुखलं. सोमवार ते शुक्रवार पोट ठणठणीत.

मी कोचला लिहिलं. उत्तर दोन ओळींचं आलं. ही स्पर्धात्मक टीम आहे, खेळायचा वेळ इथे कमवावा लागतो. तेव्हा माझं डोकंच फिरलं होतं. आता वाटतं, त्यांनी खोटं काहीच सांगितलं नव्हतं. माझी खरी तक्रार वेगळी आहे. पाच जणींच्या खेळाला चौदा जणींकडून पूर्ण फी घ्यायची आणि मग वेळ कमवा म्हणायचं, यात शिकवणं किती आणि गल्ला किती? आमचे युनिफॉर्म धरून पाचशेच्या वर डॉलर गेले. क्लबचं नाव विचारू नका. आणि मीही धुतल्या तांदळासारखी नाही. "वरच्या टीममध्ये" हे शब्द मी त्या महिन्यात किती जणींना ऐकवले, ते तुमच्यातल्या काहींना आठवत असेल.

दुसऱ्या वर्षी आम्ही उलटं केलं. खालच्या गटातली, आठच मुलींची टीम शोधली. कोच नेवार्कची एक ब्राझिलियन बाई, दिवसा शाळेत पीटी शिकवणारी. ट्रायआउट तिथेही होती, पण तिनं आधी सगळ्यांची नावं विचारली. आठांतली एक गोलकीपर धरली तर सात जणींत १६० मिनिटं, म्हणजे एकीला जवळजवळ तेवीस. आणि पैसे निम्मे.

फुटसालबद्दल थोडं सांगते, कारण "जिममधलं सॉकर" म्हटलं की लोकांना तो पावसाळ्यातला टाइमपास वाटतो. हा खेळ १९३० साली उरुग्वेच्या मोंतेविदेओत वायएमसीएच्या एका शिक्षकानं, हुआन कार्लोस सेरियानीनं, बसवला. बास्केटबॉलच्या कोर्टवर, छपराखाली खेळता यावा म्हणून. याचा चेंडू मुद्दाम मेलेला असतो. नियमच आहे की दोन मीटरवरून सोडला तर पहिल्या टप्प्याला पन्नास ते पासष्ट सेंटिमीटरच उसळला पाहिजे. आम्ही बेसमेंटमध्ये हे करून पाहिलं. नवरा स्टुलावर चेंडू धरून, मी भिंतीला टेप लावून, मुलगी जमिनीवर पालथी पडून आकडा वाचायला. तिचा नेहमीचा चेंडू कमरेच्या वर आला. फुटसालचा गुडघ्याच्या जरा वर येऊन खाली बसला, जणू कंटाळलाच. "आई, हा चेंडू पळून जात नाही," ती म्हणाली. मैदानावर चेंडू उंच उडवून त्याच्यामागे धावता येतं. इथे तो पायाशीच राहतो, त्यामुळे पायानं काहीतरी करावंच लागतं. ती बाई त्यांना तळपायानं चेंडू दाबायला, मागे ओढायला शिकवते. आमच्या स्वयंपाकघरात हल्ली भांडी लावताना पायाखाली एक चेंडू असतो. मी दोनदा त्यावर घसरले आहे.

या वर्षीचा पहिला सामना मात्र विसरणार नाही. चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेला आणि आमची मुलगी सवयीनं तो दोन्ही हातांनी डोक्यावर धरून फेकायला उभी राहिली. फुटसालमध्ये थ्रो-इन नसतो, चेंडू रेषेवर ठेवून पायानं मारायचा, तोही चार सेकंदांत. पंचांनी हसून जमिनीकडे बोट केलं आणि दुसरा हात वर करून बोटं मोजायला लागले. एक. ती अजून चेंडू डोक्यावरच. दोन. कोच ओरडतेय, "पाय! पाय!" तीन. तिनं चेंडू खाली ठेवला, तो घरंगळला, ती त्याच्यामागे. चार. शिट्टी, चेंडू समोरच्यांना. मला वाटलं, झालं, आता पोटदुखी परत. पण बदली व्हायला बाहेर कुणी फारसं नव्हतंच. दोन मिनिटांनी चेंडू पुन्हा बाहेर गेला, पुन्हा हिच्याच बाजूला, आणि या वेळी तिनं तो धावत येऊन तळपायानं थांबवला. बाकावर बसलेल्याला चूक करून दुरुस्त करायची संधी कुठे मिळते?

आता तुमचे बाकीचे प्रश्न.

"कॉलेजला उपयोग होतो का?" हा बहुतेक बाबा लोक विचारतात. अकरा वर्षांच्या मुलाच्या हिवाळी टीमवरून कॉलेजचा विचार करत असाल तर तेच पैसे सरळ बँकेत ठेवा. कित्येक वर्षं डिव्हिजन वनमधल्या, म्हणजे कॉलेजच्या खेळांतल्या सगळ्यांत वरच्या श्रेणीतल्या, मुलींच्या प्रत्येक सॉकर टीमला मिळून चौदा आणि मुलांच्या टीमला ९.९ स्कॉलरशिपची मर्यादा होती आणि त्याही तुकडे करून वाटल्या जायच्या. ती पद्धत आता बदलते आहे. पण खालच्या श्रेणीतली, डिव्हिजन थ्रीची कॉलेजं आणि आपल्या सगळ्यांच्या स्वप्नातली आयव्ही लीग खेळासाठी स्कॉलरशिप देतच नाहीत.

"वयोगट कसा धरतात?" हा मात्र खरा कामाचा प्रश्न आहे, आणि कुणीच विचारत नाही. गेली काही वर्षं इथे जन्माचं कॅलेंडर वर्ष धरायचे. आमची नोव्हेंबर २०१३ ची. वर्गातल्या मैत्रिणी जवळजवळ सगळ्या २०१४ च्या, पण ही २०१३ च्या टीममध्ये, वरच्या यत्तेतल्या मुलींबरोबर आणि सगळ्यांत धाकटी. जानेवारीत जन्मलेली मुलगी हिच्यापेक्षा दहा महिन्यांनी मोठी आणि वीतभर उंच. ट्रायआउटच्या रात्री पॅडवर लिहिणाऱ्याला ती वीत आधी दिसते. २०२६-२७ पासून मोठ्या संघटना ऑगस्ट ते जुलै असं वर्ष धरणार आहेत. मग तीच मुलगी, तेच पाय, पण गटात मोठ्यांपैकी एक. तुमचं मूल सप्टेंबर ते डिसेंबरमधलं असेल आणि निवडीत मागे पडलं असेल, तर त्याच्यात काही कमी आहे असं ठरवण्याआधी कॅलेंडर बघा.

"घालावं का?" तर माझी कसोटी साधी आहे. सक्तीचा सराव नसताना मूल स्वतःहून चेंडूला पाय लावतं का? लावत असेल तर घाला. नसेल तर हिवाळा मोकळा सोडा, त्यालाही विश्रांती आणि तुम्हालाही. आणि घालताना टीम वरची की खालची हे विचारू नका. किती मुलं घेणार आणि सामना किती मिनिटांचा, एवढं विचारा आणि कागदावर भागाकार करा. क्लबवाल्यांना हा प्रश्न आवडत नाही. जो चटकन आकडा सांगतो, तो बहुधा ठीक असतो. बाकी खर्च किरकोळ. जिममध्ये मैदानाचे खिळ्यांचे बूट चालत नाहीत, सपाट तळाचे लागतात आणि ते तीन महिन्यांत लहान होतात, तेव्हा जुने मागून घ्या. आमच्याकडे दोन जोड पडून आहेत.

मराठी शाळेशी टक्कर होते का? होते. रविवारी सामना आला की आम्ही शाळा बुडवतो. बाई, हे तुम्ही वाचत असाल तर माफ करा, पण तुम्हालाही ते माहीतच होतं.

नोव्हेंबरात त्या पहिल्या क्लबाचं ईमेल पुन्हा आलं होतं. वरच्या टीममध्ये जागा आहे, ट्रायआउटची गरज नाही. मी काही न बोलता फोन तिच्यापुढे धरला. तिनं वाचलं आणि विचारलं, "किती मुली आहेत?" अगदी आजोबांच्या आवाजात. मी म्हटलं, लिहिलेलं नाही. "मग विचार." विचारलं. उत्तर आलं, तेरा ते पंधरा. तिनं फोन परत दिला आणि चेंडू शोधायला खाली गेली.

बाबा आता दर रविवारी व्हिडिओ कॉलवर सामन्याची हकीकत घेतात. गोल किती झाले हे शेवटी विचारतात, आधी विचारतात, "किती वेळ खेळलीस?" परवा तिनं "अठ्ठावीस मिनिटं" सांगितलं, तर म्हणाले, "मग जिलबी आणा की."

पाहायचंच असेल तर या शनिवारी या, सकाळी आठ चाळीसचा सामना आहे. पत्ता मेसेज करते. बाकडी थंडगार असतात, तेव्हा बसायला काहीतरी आणा आणि चहा घरूनच घेऊन निघा. तिथलं मशीन पैसे गिळतं.