साप-वही: या वेळी औषधाचा रकाना

सापांच्या गोष्टी टिपायच्या माझ्या वहीची मांडणी बदलली. साप चांगला की वाईट हा रकानाच काढून टाकला. शेष आणि तक्षक दोघेही कद्रूचे मुलगे. एक पृथ्वी डोक्यावर पेलतो, दुसरा परीक्षिताला डसतो. त्या रकान्यात काय लिहिणार? आता फक्त एवढंच नोंदवतोय, की गोष्टीत साप नेमकं करतो काय: राखण, चोरी, डंख, रूपांतर की औषध. राखणीचा रकाना भराभर भरला. धनावर बसलेले साप जगभर पैशाला पासरी आहेत. डंखाचंही तसंच. औषधाच्या रकान्याने मात्र अडकवून ठेवलंय.

सुरुवात गिलगमेशपासून, म्हणजे मेसोपोटेमियातल्या प्राचीन महाकाव्याच्या नायकापासून. मातीच्या अकराव्या पाटीवर हा प्रसंग येतो. पायांना दगड बांधून गिलगमेश पाण्याच्या तळाशी उतरतो आणि म्हाताऱ्याला तरुण करणारी काटेरी वनस्पती उपटून आणतो. पण लगेच खात नाही. आधी उरुक या आपल्या नगरातल्या एखाद्या म्हाताऱ्यावर वापरून बघू, असा त्याचा बेत. वाटेत गार पाण्याचं तळं लागतं, हा आंघोळीला उतरतो. वासावर साप येतो, वनस्पती पळवतो आणि जाता जाता कात टाकतो. कवीला पुढे काही समजावून सांगावं लागत नाही. पडलेली कात हाच पुरावा.

आता याच्या शेजारी महाभारताच्या आदिपर्वातलं आस्तिकपर्व ठेवून वाचा. आईला दास्यातून सोडवायचं म्हणून गरुड अमृत आणतो आणि दर्भावर ठेवतो. सापांना सांगतो, स्नान करा, मंगलकार्य उरका, मग प्या. साप खुशीत न्हायला जातात, तेवढ्यात इंद्र अमृत घेऊन पसार. परत येऊन बघतात तर जागा रिकामी. इथेच ठेवलं होतं, म्हणून ते दर्भ चाटत बसतात आणि त्यांच्या जिभा दुभंगतात.

दोन्हीकडे आंघोळ! कोणी कोणाचं उचललं हा वाद बाजूला ठेवू. मला त्यातली अदलाबदल आवडली. तिथे माणूस न्हातो आणि साप तरुण होतो; इथे साप न्हातात आणि (हात नसले तरी) रिकाम्या हाताने परततात. दोन्ही कथाकारांनी सापाच्या अंगावरची खूणही नीट पाहून ठेवली आहे, एकाने कात, दुसऱ्याने जीभ.

ग्रीकांकडे साप थेट वैद्यच होतो. क्रीटचा राजा मिनोस याचा मुलगा ग्लॉकस मधाच्या रांजणात पडून मरतो. पॉलिइडस या भविष्यवेत्त्याला त्या प्रेताबरोबर कोंडतात. तिथे आलेला एक साप तो मारतो, तर दुसरा साप कुठूनशी वनस्पती आणून मेलेल्याला उठवतो. पॉलिइडस तीच वनस्पती मुलाला लावतो आणि मुलगा जिवंत होतो. महाभारताच्या आश्वमेधिकपर्वात स्वतःच्या मुलाच्या, बभ्रुवाहनाच्या हातून अर्जुन पडतो, तेव्हा त्याला उठवणारा मणी आणणारी त्याची बायको उलूपीही नागकन्याच. उलूपीकडे एरवी आपण फारसं लक्ष देत नाही, पण या रकान्यात तिचा मान मोठा.

माझं मत असं बनत चाललंय की या साऱ्या गोष्टी विषाच्या भीतीतून सुचलेल्या नाहीत. जुनं अंग सोडून तकतकीत बाहेर पडणारा प्राणी बघून माणसाला हेवा वाटला, त्यातून त्या आल्या.

सिनेमात हा धागा बारीक होतो. 1976 च्या 'नागिन'मध्ये नागीण एकामागून एक रूपं घेते, म्हणजे कात आहे, पण सगळं बळ सुडात जातं. बाकी 1954 च्या 'नागिन'मधली बीन क्लॅव्हियोलिन या विजेवर चालणाऱ्या कीबोर्डवर वाजवलेली आहे. हे माझ्या कुठल्याच रकान्यात बसत नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

सध्या अडलोय ते चीनच्या लोककथेतल्या पांढऱ्या नागिणीपाशी. तिचं नाव बाई सूजेन ('बाई' हे आडनाव), ती माणसाशी संसार करते. एका सणाला औषधी मद्य पोटात जातं आणि तिचं खरं रूप उघडं पडतं. ते बघून नवरा जागीच गतप्राण होतो. मग ती डोंगरावरून संजीवक वनस्पती पळवून आणते आणि त्याला उठवते. गिलगमेशची वनस्पती नेणारा साप आणि नवऱ्यासाठी वनस्पती आणणारी ही, दोघांची नोंद चोरीतच करायची का? मी तूर्तास तिला चोरी आणि औषध, दोन्हीकडे पेन्सिलने लिहून ठेवलंय. तुमच्या वहीत ती कुठे बसते ते सांगा.