गोट्या अडला होता

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट आहे, ऑगस्ट संपत आला होता आणि सकाळपासून नुसती झड लागली होती. क्लिनिकमध्ये नेहमीचंच चालू होतं, लसीला आलेला एक लॅब्रॅडॉर, कान खाजवून रक्त काढलेलं एक मांजर, आणि पावणेअकराच्या सुमारास फोन वाजला. "मॅडम, तुम्ही पक्षी बघता का हो?" हा प्रश्न मला रोज एकदा तरी येतो आणि तो कुठल्या आवाजात विचारलाय त्यावरून कळतं की आधी किती ठिकाणी "नाही" ऐकून झालंय. या ताईंचा आवाज अगदी संपलेला होता. तळेगावहून बोलत होत्या. कॉकटील आहे, म्हणजे तो तुऱ्याचा छोटा पोपट, दोन वर्षांचा, कालपासून पिंजऱ्याच्या तळाला फुगून बसलाय, वर चढत नाही, शेपूट सारखी वरखाली होतेय. मी म्हणलं ताई काही देऊ नका आता, पिंजरा शालीत गुंडाळा, गरम पाण्याची बाटली फडक्यात बांधून आत बाजूला ठेवा आणि निघा.

त्या लोकलने शिवाजीनगर आणि तिथून रिक्षाने वारज्यापर्यंत आल्या, त्या पावसात, मांडीवर पिंजरा घेऊन. पोचेपर्यंत दीड वाजला.

पक्ष्याचं नाव गोट्या. पांढरा-पिवळा, ज्याला लुटिनो म्हणतात तो रंग. राखाडी कॉकटीलमध्ये नर-मादी चेहऱ्यावरून ओळखता येतात, मोठ्या नराचा चेहरा एकदम पिवळाजर्द होतो, पण लुटिनोत ते फार फसवं असतं, शेपटीच्या खालच्या बाजूला मादीचे पुसट पिवळे पट्टे दिसतात का ते उजेडात धरून बघावं लागतं. दुकानदाराने नर म्हणून दिला, यांनी गोट्या नाव ठेवलं. मी बाहेरूनच बघितलं, पाय फाकवून बसलाय, डोळे अर्धे मिटलेले, प्रत्येक श्वासाला शेपूट हलतेय, आणि बुडाशी पिसं तेलकट. विचारलं हे तेल कसलं, तर कोणीतरी सांगितलं होतं पोट गच्च झालंय, एरंडेल द्या, म्हणून चोचीत दोन थेंब घातले आणि उरलेलं खाली लावलं. मला पोटात धस्स झालं. चोचीत घातलेलं तेल श्वासनळीत गेलं तर तिथेच खेळ संपतो, आणि पिसांना तेल लागलं की पिसं ऊब धरत नाहीत, पक्षी आतून गार पडत जातो. पण ताईंना काय बोलणार, त्यांना त्या रात्री दुसरं कोणी काही सांगितलंच नव्हतं.

त्याच्या आदल्या दिवशी दोन ठिकाणी गेल्या होत्या. एके ठिकाणी रिसेप्शनवरच "डॉक्टर पक्षी बघत नाहीत" झालं. दुसऱ्या ठिकाणी लांबूनच बघून थंडी लागलीये म्हणाले आणि पाण्यात टाकायला अँटिबायोटिकची पावडर दिली. जो पक्षी पाणीच पीत नाहीये त्याच्या पाण्यात औषध टाकून काय होणार.

मला त्या डॉक्टरांचा राग नाही येत, खरं सांगते. मी स्वतः शिरवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजची, साडेपाच वर्षांत इंटर्नशिप धरून गाई, म्हशी, शेळ्या, कुत्री हे सगळं पक्कं शिकवलं. पक्षी म्हणजे कोंबडी. आणि कोंबडीचं शास्त्र हे कळपाचं शास्त्र असतं, पाच हजार पक्ष्यांच्या शेडमध्ये एक कोंबडी आजारी दिसली तर ती बाजूला काढायची, मेली तर पोस्टमॉर्टम करून बाकीच्या चार हजार नऊशे नव्याण्णव वाचवायच्या. बरोबरच आहे ते, शेतकऱ्याला तेच परवडतं. पण ताईंच्या घरी चार हजार नऊशे नव्याण्णव नव्हते. हे मी पुढे मुंबईत एका सिनियर सरांच्या हाताखाली दोन वर्षं राहून शिकले, आणि त्यातलंही निम्मं चुका करून. सुरुवातीच्या काळात एक बजी, तो चिमुकला रंगीत पोपट, माझ्या मुठीत गेला. मी त्याची छाती दाबून धरली होती. पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचं हाड पुढेमागे झालं तरच हवा आत जाते, ते दाबलं की श्वास बंद. पुस्तकात वाचलेलं होतं मला हे, तरी झालं. मालकिणीला मी तेव्हाच खरं सांगितलं. त्या दिवसापासून पक्षी हातात घ्यायच्या आधी सगळं तयार ठेवते, काटा, इंजेक्शन, ऑक्सिजन, आणि हातात फक्त मोजकी सेकंदं.

तर गोट्याला हात लावायच्या आधी मी ताईंना विचारत बसले, खातो काय, किती उजेडात असतो, वजन किती होतं. वजन विचारलं की बहुतेक लोक गप्प होतात. ताईंनी पिशवीतून वही काढली. त्या घरून फराळाच्या ऑर्डरी घेतात, त्यामुळे ग्रॅमचा डिजिटल काटा घरात, आणि त्या काट्यावर त्या दर रविवारी गोट्याला बसवायच्या, त्याला आवडायचं म्हणे. वहीत चकली दोन किलो, शंकरपाळी दीड किलो असल्या नोंदींमध्ये गोट्याची वजनं लिहिलेली. महिनाभर ९१, ९१, ९२. मग रविवारी ९४ आणि मंगळवारी सकाळी, बरं वाटत नाहीये म्हणून केलेलं, ९७.

आजारी पक्षी खात नाही, त्याचं वजन उतरतं. हा दोन दिवसात चढलाय. कॉकटीलच्या अंड्याचं वजन पाच-सहा ग्रॅम असतं. मी वही बघूनच म्हणलं, ताई, गोट्या मादी आहे आणि अंडं अडलंय.

त्या म्हणाल्या, "पण एकटाच आहे हो तो." नर लागत नाही, कोंबडीसारखंच, जोडीदार नसतानाही अंडं तयार होतं, फक्त त्यातून पिल्लू होत नाही. आणि यांच्या घरी अंडं घालायला पक्ष्याला जे जे वाटतं ते सगळं होतं. रात्री साडेअकरापर्यंत हॉलमध्ये लाईट आणि टीव्ही, म्हणजे पक्ष्याच्या लेखी मोठा दिवस, विणीचा हंगाम. पिंजऱ्यात आरसा. सोफ्याखाली अंधारी जागा, तिथे कागद कुरतडत बसायचा. ताईंचे मिस्टर प्रेमाने पाठीवरून हात फिरवायचे, आणि पक्ष्याला डोक्याशिवाय पाठीवर गोंजारणं म्हणजे जोडीदाराचा स्पर्श. त्यात खाणं नुसतं राळे, बाजरी आणि सूर्यफुलाच्या बिया, ज्यात कॅल्शियम जवळजवळ नाहीच. खिडकीत ठेवायचे पण काच बंद, आणि काचेतून ड जीवनसत्त्वाला लागणारे किरण येत नाहीत. म्हणजे शरीर अंडं बनवायला लागलं आणि कवचाला आणि ते ढकलणाऱ्या स्नायूंना लागणारं कॅल्शियमच नाही.

माझे वडील पशुधन पर्यवेक्षक होते, माण तालुक्यात. लहानपणी रात्री-अपरात्री दारात माणूस उभा असायचा, "सायेब, गाय अडलीया." वडील सायकलला बॅग अडकवून निघायचे, कधी मला घेऊन जायचे कंदील धरायला. गाय कळ देत नसताना ते कधी दोरी ओढायचे नाहीत, चार माणसं ओढायला तयार उभी असायची आणि वडील म्हणायचे थांबा. मला टेबलासमोर उभं राहून तेच आठवत होतं, तिथे तीनशे-साडेतीनशे किलोची गाय आणि इथे ९७ ग्रॅम, पण शब्द तोच, अडली, आणि ओढायचं नाही हेही तेच. बाहेरून दाबून अंडं काढायला जाणारे असतात, त्याने आतली नळी फाटते किंवा उलटी होऊन बाहेर येते, किंवा अंडं आतच फुटतं.

एक एक्स-रे काढला. अंडं दिसलं पण कवचाची रेघ पुसट, पातळ कवच. डावा पाय बोट धरत नव्हता, पायाची नस तिथूनच जाते आणि अंडं तिच्यावर दाबत होतं. मग कोमट सलाईन कातडीखाली, कॅल्शियमचं इंजेक्शन, वेदनेचं औषध, आणि ३०-३२ डिग्रीच्या पेटीत ओल्या फडक्यांची वाफ देऊन अंधारात ठेवलं. डोस मुद्दाम लिहीत नाही, कारण लिहिलं की कोणीतरी घरी करून बघतं. बऱ्याचदा एवढ्यावर काही तासांत अंडं येतं. मी दर अर्ध्या तासाने फटीतून बघत होते.

मधल्या वेळात ताईंनी एकदम हळू आवाजात विचारलं, "मॅडम, हा पाळणं गुन्हा आहे का? पोलिसात जातं का हे?" नाही जात. कॉकटील मूळ ऑस्ट्रेलियातला, इथे पिंजऱ्यात पैदास झालेला, आणि परदेशी प्राण्यांच्या नोंदणीचे २०२४ चे जे नियम आहेत ते साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीतल्या जातींना लागू आहेत, मकाव, आफ्रिकन ग्रे वगैरे पोपट, कॉकटील त्या यादीत नाही. आपला हिरवा पोपट मात्र १९७२ च्या वन्यजीव कायद्याने पाळता येत नाही. मला वाईट याचं वाटतं की या भीतीने लोक डॉक्टरकडे यायलाच उशीर करतात, ज्यांचं सगळं कायदेशीर आहे तेसुद्धा. आणि पक्ष्यात उशीर फार महाग पडतो कारण पक्षी आजार लपवतो, रानात आजारी दिसला तो शिकाऱ्याच्या तोंडी गेला, म्हणून तो शेवटपर्यंत ताठ बसतो. तळाला बसलेला दिसला म्हणजे त्याची लपवायची ताकद संपलीये.

साडेपाचला अंडं होतं तिथेच. श्वास जास्त जोरात. आता थांबण्यात अर्थ नव्हता. मी ताईंना बसवून सरळ सांगितलं, भूल देऊन अंड्यात सुई घालून आतलं काढून घ्यायचं, कवच आत दबतं आणि नंतर तुकड्यांनी बाहेर पडतं, भूल देतानाच जाऊ शकतो, नाही केलं तर रात्र काढेल असं वाटत नाही. त्यांच्या फोनवर नणंद होती, स्पीकरवर नसतानाही ऐकू आलं, "अगं दोन हजाराला नवीन मिळेल." ताईंनी फोन ठेवला आणि म्हणाल्या, करा.

९७ ग्रॅमच्या पक्ष्यात रक्त किती असतं, जेमतेम नऊ-दहा मिली, दोन चमचे. त्यातलं एक मिली गेलं तरी धोका. मास्क म्हणून मोठ्या सिरिंजची नळी कापून तोंडाला ग्लोव्हचं रबर ताणलेलं, त्यात चोच. आयसोफ्लुरेन, म्हणजे भुलीचा गॅस, हळूहळू. हेल्पर दादांनी नवजात बाळांचा स्टेथोस्कोप धरलेला आणि ठोके तोंडाने मोजत होते, मोजत म्हणजे त्या वेगात मोजता येत नाही, बोटाने टेबलावर वाजवत होते, तो आवाज चालू आहे तोवर सगळं ठीक. मी जेल लावून अंड्याचं टोक दिसेपर्यंत अगदी सावकाश जागा केली, पांढरा ठिपका दिसला, सुई आत, सिरिंज ओढली, पिवळं-पांढरं आलं, थोडं आणखी, आणि बोटाखाली कवच मऊ पडल्याचं जाणवलं. बारा मिनिटं लागली सगळी. गॅस बंद केला आणि नुसता ऑक्सिजन. मग ते जे दीड-दोन मिनिटं असतं, पक्षी डोळे उघडेपर्यंतचं, त्याची मला इतक्या वर्षांनी सवय झालेली नाही. दादांचं बोट वाजत होतं. गोट्याने तुरा हलवला. मी ताईंना आत बोलावलं तर त्या दारातच खाली बसल्या आणि रडायला लागल्या, आणि मीही रडले.

रात्री पेटी माझ्या घरी नेली. पहाटे पाचला कवचाचे मोठे दोन तुकडे पडलेले, दुपारपर्यंत बाकीचे. शुक्रवारी ताई न्यायला आल्या तेव्हा त्यांना सगळं सांगितलं, संध्याकाळी सातला पिंजरा झाकायचा आणि बारा तास अंधार, आरसा काढा, सोफ्याखालची जागा बंद, बियांबरोबर हळूहळू पेलेट, म्हणजे पक्ष्यांच्या तयार खाण्याच्या गोळ्या, आणि शेवग्याचा पाला, कोथिंबीर, सकाळी काच उघडून जाळीतून ऊन. आणि समुद्रफेस, तो काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो, म्हणजे म्हाकुळाच्या पाठीतलं हाड, ते जसंच्या तसं पिंजऱ्याला अडकवायचं, पक्षी हवं तेवढं कुरतडतो. पुन्हा अंडं होऊ शकतं हेही सांगितलं, तेव्हा लगेच फोन करायचा, दुसऱ्या दिवशी नाही.

डावा पाय अजून थोडा लुळा होता पण मी बोट पुढे केल्यावर त्याने धरलं, सैल, पण धरलं. आता मादी आहे हे कळूनही ताईंच्या तोंडात "गोट्या आला, गोट्या बसला" असंच होतं आणि मीही तसंच म्हणायला लागले होते.

निघताना त्यांनी वही काढली आणि काट्यावर गोट्याला बसवायला सांगितलं. ८९. त्यांनी लिहून घेतलं, अनारसे एक किलोच्या खाली.