चेऊलकरांच्या चौलमध्ये

मांडव्याला लाँचमधून उतरून अलिबाग गाठलं, तेव्हा पिशवीत एस्थर डेव्हिड यांची ‘बुक ऑफ रेचल’ ही कादंबरी होती. मुलं इस्रायलला गेली, तरी अलिबागजवळच्या दांड्यात एकटी राहून गावचं सिनेगॉग, म्हणजे यहुद्यांचं प्रार्थनास्थळ सांभाळणारी, बिल्डरपुढे ठाम उभी राहणारी रेचल. ती बेने इस्राएल, म्हणजे कोकणात पिढ्यानपिढ्या राहिलेल्या मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजातली. या कादंबरीला २०१० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिच्या प्रत्येक प्रकरणाची सुरुवात एका पाककृतीने होते. रेचलचा किनारा बघायचा, एवढंच ठरवून निघाले होते.

अलिबागच्या इस्राएल आळीत ‘मागेन आबोथ’ सिनेगॉग आहे, १८४८ सालचं. आत मधोमध प्रार्थनेचा चौथरा आणि पश्चिमेच्या, म्हणजे जेरुसलेमच्या दिशेच्या भिंतीत तोरा, म्हणजे यहुद्यांचा पवित्र ग्रंथ ठेवायची जागा. शेजारच्या एका आजींनी मला बसवूनच घेतलं. त्या दिवशी त्यांच्याकडे मलिदा, म्हणजे देवाचे आभार मानायचा विधी होता. भिजवलेल्या पोह्यांत ओलं खोबरं, साखर आणि वेलची कालवून, वर बेदाणे-बदाम पेरून, त्यांनी मोठ्या ताटात रास केली आणि भोवती फळं मांडली. मग सगळ्यांनी डोकी झाकून एलियाहू हानबी या प्रेषिताची आळवणी केली. मंत्र हिब्रू, आणि मधेच सुनेला सूचना, “अगं, केळी इकडे सरकव.” अस्सल अलिबागी मराठी.

दुपारी एसटीने चौल, रेवदंडा. वाटेतल्या नारळी-पोफळीच्या वाड्यांत पूर्वी या बेने इस्राएल लोकांचे तेलाचे घाणे असत. शनिवार हा यहुद्यांचा विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी घाणा बंद, म्हणून गाव यांना ‘शनवार तेली’ म्हणायचं. चौलची पाटी दिसली आणि हिंदी सिनेमातले बेने इस्राएल नट डेव्हिड अब्राहम चेऊलकर आठवले. १९५४ च्या ‘बूट पॉलिश’मधले जॉन चाचा. मुलांच्या घोळक्यात ‘नन्हे मुन्ने बच्चे’ म्हणणारा तो टकला, हसरा माणूस आपल्या चौलच्या नावाचा, हे किती घरांत ठाऊक आहे? पडद्यावर ते ख्रिस्ती चाचा झाले आणि इतर कितीतरी भूमिका करत राहिले, पण मलिद्याच्या ताटापुढे बसलेला कोकणातला बेने इस्राएल आजोबा साकारायला मिळाला असता तर! पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ ज्या नाटकावरून निघाला, ते लिहिणारे जोसेफ डेव्हिड हेही बेने इस्राएल, आडनाव पेणकर. मूकपटांच्या काळातली नायिका सुलोचना म्हणजे रुबी मायर्स, अभिनेत्री नादिरा म्हणजे फ्लोरेन्स इझिकेल. या दोघी बगदादी यहुदी घराण्यांतल्या, म्हणजे वेगळ्या परंपरेच्या, पण गोष्ट तीच. आणि १९५८ साली ‘यहुदी’ नावाचाच चित्रपट आला, तर तो घडतो प्राचीन रोममध्ये!

मला याचं मनापासून वाईट वाटतं. हिंदी सिनेमाच्या पायाभरणीत ज्यांचे हात होते, त्यांचं स्वतःचं घर त्या सिनेमाला दिसलं नाही. ते दिसलं कादंबरीत, तेही इंग्रजीत. इस्रायलला गेलेली मंडळी तिथून ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक काढतात. वाचक मराठी, पात्रं मराठी, किनारा आपला. मग रेचलसारखी बाई मराठी पडद्यावर यायला काय हरकत आहे? चित्रीकरणाला परदेशी जायलाही नको, रेवदंड्याच्या एसटी स्टँडवर उतरलं की झालं. कोणी हे मनावर घेतलं तर मी पहिल्या दिवशी तिकीट काढेन.