सतरा मुंडकी आणि एक भावी

गुरुवार, रात्री उशिरा

वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडे खर्च झालेले पैसे, उजवीकडे कापलेले विनोद. डावी बाजू मी मरेपर्यंत भरणार नाही, कारण पैसेच नाहीत. उजवी बाजू मात्र आजच्या एका दिवसात दोन ओळी पुढे गेली.

आधी गोष्ट लिहून ठेवतो. शूटिंग संपेपर्यंत ती अशीच राहील याचा भरवसा नाही. पतसंस्थेतला कारकून बंडू सकाळी सायकलवरून कामाला निघतो, आणि चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर त्याला स्वतःचा फोटो दिसतो. साहेबांचा वाढदिवस, खाली शुभेच्छुकांची रांग, त्यात तिसऱ्या ओळीत हा. साहेब ह्याला ओळखत नाहीत, हा साहेबांना ओळखत नाही. फ्लेक्सवाल्याने चुकून दुसऱ्याच फोल्डरमधला पासपोर्ट फोटो उचललाय, एवढंच. पण दुपारपर्यंत पतसंस्थेतला शिपाई त्याला खुर्ची पुसून देतो, आणि संध्याकाळी गल्लीतल्या बायका नळाला पाणी का येत नाही ते विचारायला दारात. नऊ मिनिटांचा सिनेमा. बजेट शून्य.

पतसंस्थेचं ऑफिस मामांनी मिळवून दिलं. तिथले चेअरमन त्यांचे दोस्त. रविवारी किल्ली देतो म्हणाले, भाडं नको म्हणाले, फक्त "कर्जाची चेष्टा नको." माझ्याकडे एक प्रसंग होता: बंडू देवाला नवस बोलतो आणि देव म्हणतो, ठीक आहे, दोन जामीनदार घेऊन ये. गेला.

गर्दीसाठी तालमीतली बारा पोरं लागणार. तिथल्या दादांनी ऐकल्याबरोबर हो म्हटलं. निघताना खांद्यावर हात टाकून म्हणाले, "वर्गणीवर काय नाही न्हवं त्यात?" होतं. पावतीपुस्तकातली पहिली पावती कायम साहेबांच्या नावे पाच हजार एक रुपयांची, ती बघून बाकीचे देतात, आणि पहिल्या पावतीचे पैसे आजवर कुणी पाहिलेले नाहीत. पेठेतल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. गेला.

शनिवार

अकरावीला असलेला मावसभाऊ आमचा कॅमेरामन. फोन त्याचाच, म्हणून. पतसंस्थेत टेस्ट घेतली तर भिंतीवरून काळे पट्टे हळूहळू वर सरकताना दिसले. जुन्या ट्यूबलाइट. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, म्हणजे ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते, आणि फोन आपल्या मर्जीने सेकंदाला 30 फ्रेम धरून बसलेला. अ‍ॅपमध्ये जाऊन 25 फ्रेम आणि 1/50 शटर, म्हणजे एका फ्रेमला सेकंदाचा पन्नासावा भाग उजेड, असं करून कुलूप लावलं तेव्हा पट्टे गेले. भाऊ म्हणाला, "बघ, पैसे लागले नाहीत." पैसे नाही, तीन तास लागले. शून्य बजेटमध्ये वेळ हेच चलन असतं, आणि ते माझ्या एकट्याच्या खिशातून जातं. बाकीचे घरी जेवायला गेले होते.

आवाजासाठी नऊशे रुपयांचा कॉलर माइक घेतला. डाव्या बाजूची पहिली ओळ.

रविवार

सकाळी सातला बारा पोरं येणार होती. आली तीन. शाहू स्टेडियमवर मॅच. मी जन्माने कोल्हापूरकर असून हे विसरलो, म्हणजे मलाच कार्ड दाखवायला हवं. फुटबॉलच्या दिवशी पेठेत मयताला माणसं मिळायची मारामार, तिथे माझ्या सिनेमाला कोण येतंय?

तिघांवर गर्दी उभी केली. तेच तिघे आधी डावीकडून गेले, मग टोपी घालून उजवीकडून, मग टॉवेल गुंडाळून पाठमोरे. भाऊ म्हणतो कळत नाही. कळतं.

पण आजचा दिवस वरच्या मजल्यावरच्या काकूंचा. बंडूची बायको म्हणून त्यांना उभं केलंय, कारण घर त्यांचं, साडी त्यांची, चहाही त्यांचाच. त्यांची अट: "बाई बडबडी दाखवलीस तर कॅमेरा खाली टाकीन." म्हणून पानभर संवाद होते ते काढून फक्त एवढंच ठेवलं, की बंडू सांगतो फ्लेक्सवर माझा फोटो लागलाय आणि ती त्याच्याकडे बघते. ॲक्शन म्हटलं. काकू कणीक मळत होत्या. बंडू बोलला. त्यांनी मान वर केली, त्याला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं, परत कणकेत बोटं घातली आणि म्हणाल्या, "चौकात लागणार हुतास तर दाढी तरी करून जायाचं."

मी कट म्हणायला विसरलो. भावाचा हात हसून हलला, शॉट थरथरलेला आहे. दुसरा टेक घेतला तर काकू तेच वाक्य पाठ केल्यासारखं म्हणाल्या, मजा गेली. थरथरलेलाच ठेवणार.

उजव्या बाजूला पहिल्यांदाच एक विनोद जमा मांडला. लिहिलेला नव्हता, म्हणून त्यावर कुणाची अटही नव्हती.

1 डिसेंबर

कामावरून येताना खरी कॉर्नरला थांबलो. कॅमेऱ्याच्या स्तंभाला हार घातलेला होता. 1917 साली आजच्याच दिवशी बाबूराव पेंटरांनी इथे कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. कॅमेरा विकत आणायला पैसे नव्हते म्हणून तो घरीच बनवायचा असा त्या दोघा भावांचा, आनंदराव आणि बाबूरावांचा, उद्योग. आनंदराव 1916 मध्ये गेले, बाबूरावांनी तो तडीस नेला. कंपनीला पैसा लावला तानीबाई कागलकर या गायिकेने. आणि 1920 साली 'सैरंध्री' तयार झाला, तर त्यातला कीचकवध इतका खरा वाटला की सेन्सॉरने तो कापायला लावला.

तेवढं एक मनाला बरं वाटलं. कोल्हापूरचा सिनेमा पहिल्यापासून कापूनच बाहेर पडतोय. फक्त बाबूरावांचा कीचक इंग्रज सरकारने कापला, माझा जामीनदार मामांच्या दोस्ताने.

मंगळवार

फ्लेक्सवाल्याकडे दोन तास बसलो. ह्याच्याबद्दल नीट लिहायला हवं.

वडील बॅनर रंगवायचे, हा पण रंगवायचा. थिएटरवरचे, निवडणुकीचे, दुकानांच्या पाट्या. मशिनं आली आणि एका पावसाळ्यात काम संपलं, तेव्हा कर्ज काढून ह्यानेही मशीनच घेतलं. ब्रश अजून आहेत. कात्रीच्या शेजारी डालड्याच्या जुन्या डब्यात उभे, केस वर. बाबूरावही मुळात पडदे रंगवणारेच, हे मी त्याला सांगितलं तर म्हणाला, "त्यांच्या वेळी कंप्युटरवरचं कोरल ड्रॉ नव्हतं, म्हणून मोठे झाले." हे तो चेष्टेत बोलला की नाही, कळलं नाही.

फ्लेक्सचं शास्त्र त्याच्याकडून शिकावं. सगळ्यात वर देव आणि महापुरुष, त्यांना कुणाचं डोकं टेकता कामा नये. मग पक्षातले मोठे, उतरत्या क्रमाने. उजवीकडे उत्सवमूर्ती उभी: एकतर हात जोडलेले, नाहीतर कानाला फोन. "फोन असला की माणूस कामाचा वाटतो." खाली गोलातली मुंडकी. खरी भांडणं तिथे होतात. एकजण म्हणे पट्टी घेऊन आला होता, माझा गोल शेजारच्यापेक्षा बारीक का म्हणून. पदवीही ज्याची त्यानेच आणायची. कार्यसम्राट, आधारस्तंभ, आणि ज्याला काहीच नाही त्याला 'भावी'. भावीला पुरावा लागत नाही.

मी कागदावर भराभर लिहून घेत होतो. माझी अख्खी पटकथा ह्या माणसाच्या निम्म्याने मजेशीर नाही.

सहा बाय चार, चोवीस चौरस फूट. चौरस फुटाला बारा रुपये दर, म्हणजे 288. नको म्हणाला. "पोरांचं काम आहे." मी पैसे देतोच म्हणून मागे लागलो, खरंच लागलो, कारण आता त्याचीही काहीतरी अट येणार हे दिसत होतं. आली. फ्लेक्सवाल्याची चूक दाखवायची नाही. "गिऱ्हाईक येणार नाही भावा. एवढी मुंडकी लावतो, आजपर्यंत एक चुकलेलं नाही."

म्हणजे गोष्टीचा पायाच गेला. बंडूचा फोटो फ्लेक्सवर आला कसा, ह्याला आता कारणच नाही. रात्रभर विचार केला. शेवटी कारण दाखवायचंच नाही असं ठरवलं. फोटो आहे. का आहे, कुणी विचारत नाही. पहाटे लक्षात आलं की हे जास्त खरं आहे.

शुक्रवार

फ्लेक्सवर सतरा मुंडकी. बंडू सोडून बाकी सोळा म्हणजे आमचे नट, मामा, चेअरमन, तालमीची पोरं. मानधन देता येत नाही, तर निदान गोल तरी. मला वाटलं सगळे हसतील. संध्याकाळपर्यंत चार फोन. एकाला पहिल्या ओळीत यायचंय. एकाने दुसरा फोटो पाठवला, गॉगल घातलेला. मामांनी विचारलं, "चेअरमन माझ्या वर का?" मी म्हटलं, मामा, हा खोटा फ्लेक्स आहे. म्हणाले, "खोटा असला म्हणून काय झालं? लोकं बघणार खरीच की."

रविवार

चौकात लावायचा नाही हे आधीच ठरलेलं. मालमत्ता विद्रूपणाचा राज्याचा कायदा 1995 चा, आणि बेकायदा फलकांवरचा उच्च न्यायालयाचा मोठा निकाल 2017 चा, तोही साताऱ्याच्या एका संस्थेच्या जनहित याचिकेवर. फ्लेक्सवर सिनेमा करायचा म्हणून हे सगळं वाचून काढलं. म्हणून मामांच्या स्वतःच्या कंपाउंडच्या भिंतीवर लावला, कॅमेरा जमिनीलगत ठेवला, फ्रेममध्ये विजेचा खांब आणि वडापावची गाडी घेतली. चौकच वाटतो. अर्धं काम झालं, उजेड गेला. उद्या सकाळी उरलेलं, म्हणून फ्लेक्स तसाच ठेवला.

सोमवार

सकाळी सहाला गेलो तर आमच्या फ्लेक्सला खेटून दुसरा फ्लेक्स. दहा बाय आठ. खऱ्या साहेबांचा, खरा वाढदिवस. रात्रीत कुणीतरी बघितलं असणार की ह्या भिंतीवर लावतात.

मामा बनियनवर गेटात उभे. म्हटलं, मामा, तुमची भिंत आहे, काढूया. मामांनी इकडे तिकडे बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "तुझा काढतो. त्यांचा कसा काढू?"

हा प्रसंग मी लिहिला असता तर अतिरेक वाटला असता. भावाला म्हटलं चालू कर कॅमेरा, दोन्ही फ्लेक्स घे, मामांना घे. त्याने फोन वर धरला आणि मामा गेटाच्या आत गेले, कडी लावल्याचा आवाज आला. तो आवाज रेकॉर्ड झालाय. चांगला झालाय. पण वापरता येत नाही, कारण चित्रात खरे साहेब आहेत आणि आम्हाला ह्याच पेठेत राहायचंय.

उरलेले शॉट इतके जवळून घेतले की दुसरा फ्लेक्स कडेलाही येऊ नये. उजव्या बाजूला सगळ्यात मोठी ओळ आज लिहिली.

गुरुवार, मध्यरात्रीनंतर

एडिट. फोनचा व्हिडिओ म्हणायला 25 फ्रेमचा, प्रत्यक्षात मध्येच कमी-जास्त धावतो, आणि आवाज वेगळ्या फोनवर. चार मिनिटांच्या टेकमध्ये शेवटी ओठ आधी आणि शब्द मागून. सगळ्या क्लिप ठाम 25 वर बदलून घेतल्या, मग प्रत्येक टेकच्या सुरुवातीला वाजवलेली टाळी चित्रात आणि आवाजात पुन्हा जुळवत बसलो. जुनं लॅपटॉप असं घोंघावतंय की आईने दोनदा येऊन विचारलं मिक्सर कशाला लावलाय.

हिशोब: चहा-वडा 1,460, मेमरी कार्ड 650, माइक 900, पेट्रोल 500, दोऱ्या-पिना 90. एकूण 3,600. उजवीकडे कापलेले अकरा. त्यातले सात खरंच चांगले होते, चार गेले ते बरं झालं. सिनेमा नऊ मिनिटांचा पाच मिनिटं चाळीस सेकंदांवर आला. पतसंस्था सज्जन, तालीम सज्जन, फ्लेक्सवाला बिनचूक, साहेब दिसतच नाहीत. हसायला उरला एकटा बंडू. त्याने कुणाला काही फुकट दिलं नव्हतं.

आणि शेवटी आभार. सगळ्यांची नावं घातली तर श्रेयनामावलीच दीड मिनिटाची. रटाळ. दोन वेळा बघितल्यावर सुचलं की नावं वर सरकवायचीच कशाला, एक फ्लेक्सच करून टाकू. सगळी मुंडकी, पदव्यांसकट, आणि कॅमेरा त्यावर हळूहळू फिरेल.

शनिवार

फ्लेक्सवाल्याकडे गेलो. त्याने पाच मिनिटांत रचना केली, मामा चेअरमनच्या शेजारी, बरोबर एका उंचीवर. काकू पहिल्या ओळीत. शीर्षक मात्र संगणकावर लिहीना. डालड्याच्या डब्यातला ब्रश काढला, कागदावर काळ्या रंगात 'समस्त शुभेच्छुक' लिहिलं आणि तेच स्कॅन केलं. 'श' ची गाठ वळवताना त्याने श्वास धरला होता.

मग म्हणाला, "तू कुठं आहेस ह्यात?"

मी म्हटलं, माझं काय काम.

"असं कसं? सगळ्यांची काढलीस, तुझं पण मुंडकं पाहिजे." त्याने माझ्या फोनवरून माझा फोटो घेतला, गोल कापला, खाली उजव्या कोपऱ्यात ठेवला. खाली रिकामी पट्टी. कीबोर्डवर बोटं तयार.

"पद काय टाकू? दिग्दर्शक?" मग स्वतःच थोडा विचार केला. "का भावी दिग्दर्शक?"

'भावी'च टाक म्हटलं. त्याने टाकलं. मी वाकून स्क्रीनकडे बघितलं. शेजारी तालमीतला तो गॉगलवाला.

"गोल जरा मोठा कर की," मी म्हणालो. "त्याच्यापेक्षा बारीक दिसतोय."